सिदूतात्याचा अंगठा

सिदूतात्या धनगर भेटला की आधी राम राम करायचा नाही, पोट दाबायचा. उजव्या हाताचा अंगठा बेंबीच्या खाली टेकवायचा, हलकेच दाबायचा आणि सांगायचा, "जेवलास." नाहीतर डोळे बारीक करून विचारायचा, "कावून बे, सकाळधरनं काय न्हाई का पोटात?" पाटील असो की पाहुणा, त्याला सगळे सारखे. बायांना तेवढं सोडायचा, त्यांच्या तोंडाकडं बघून ओळखायचा. मला सुरुवातीला याचा भारी संताप यायचा. मी कुंभार, चाकावर बसलेला, दोन्ही हात चिखलात, आणि हा बाबा खुशाल येऊन पोट दाबतोय! एकदा म्हणलो, "तात्या, मी काय मेंढरू हाय का?" तर म्हणाला, "मेंढरू असतास तर बरं झालं असतं. मेंढरू खोटं बोलत न्हाई."

अंगठा होताही तसाच. रुंद, चपटा, नख आडवं वाढलेलं. आयुष्यभर कोकरांची पोटं चाचपून चाचपून त्याला सगळी विद्या त्या अंगठ्यात आली होती. कोकरू जन्मलं, आईला लुचलं की तात्या अंगठा लावायचा. पोट ताठ लागलं तर, "जगलं." पोट लिबलिबीत लागलं तर त्या कोकराला उचलून दुसऱ्या मेंढीला लावायचा. त्याच्या हातात कोकरू उपाशी मेलं असं आमच्या शिवारात कोणी ऐकलं नव्हतं. त्याला त्याची घमेंडही होती. लबाड कशाला बोलू, मोठी घमेंड होती.

आमचं गाव मांजरसुंब्याच्या घाटाखाली, डोंगराला टेकलेलं. सुगी उरकली, रानं मोकळी झाली की तात्या मेंढरं घेऊन यायचा. आज या रानात, उद्या त्या रानात मेंढरं बसवायचा, शेताला लेंड्यांचं खत व्हायचं आणि शेतकरी त्याला ज्वारी द्यायचे. त्याचं पाल मात्र ठरलेल्या जागी, माझ्या आव्याच्या मागं. आवा म्हणजे आमची मडकी भाजायची भट्टी. तिच्या भिंतीनं वारा अडायचा. म्हणून वर्षातले दोन-तीन महिने आम्ही शेजारी.

दिवेलागणीला तो मेंढरांच्या काटेरी वाड्याच्या तोंडाशी बसायचा आणि आत जाणाऱ्या एकेका मेंढरीच्या पाठीवरून हात फिरवायचा. मी विचारलं, "तात्या, मोजता का?" "मोजत न्हाई रं. भेटतो." आणि खरंच, एखादी मागं राहिली तर त्याला आकड्यानं कळायचं नाही, तिच्या नावानं कळायचं. "बांडी न्हाई आली," म्हणून उठायचा.

एकदा चराईचा कर गोळा करायला निजाम सरकारचा गिरदावर, म्हणजे महसुलाचा साहेब, आला. घोड्यावर बसलेला, शेरवानी, वर टोपी. बरोबर एक चपराशी, वाळून काटकी झालेला, घोड्यामागं धावत आलेला. गिरदावर काहीबाही बोलत होता आणि तात्या त्याच्याकडं बघतच नव्हता. तो सरळ चपराशाकडं गेला आणि त्याच्या पोटाला अंगठा लावला. गिरदावर ओरडला, "क्या कर रहा है बे बुड्ढे?" तात्या म्हणाला, "साहेब, ह्याला आदी खाऊ घाला. मंग माजी मेंढरं बघा." आमची तर बोबडी वळली. पण तात्यानं पालातून भाकरी आणून चपराशाच्या हातात ठेवली आणि तो गडी साहेबासमोरच उभ्या उभ्या खाऊ लागला. साहेबानं तोंड फिरवलं. भूक दिसली की तात्याला दुसरं काही दिसायचं नाही, सरकारसुद्धा.

त्याची एक करामत मी डोळ्यांनी बघितली. एका मेंढीचं कोकरू मेलं आणि त्याच दिवशी दुसऱ्या कोकराची आई मेली. मेंढी परक्या कोकराला जवळ येऊ देईना, ढुशी मारून उडवायची. तात्यानं मेलेल्या कोकराचं कातडं काढलं आणि पोरक्या कोकराच्या अंगावर अंगरख्यासारखं बांधलं. मेंढीनं वास घेतला, एकदा घेतला, दोनदा घेतला, आणि पान्हा सोडला. तात्या माझ्याकडं बघून म्हणाला, "वासाचं सगळं हाय, गणू." माझी बायको गया तिथंच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी नाकाला धोतराचा सोगा लावला, हे आपलं खरं सांगतो.

पूर्वी त्याच्याबरोबर त्याची बायको असायची आणि पोरगा म्हादू असायचा. म्हादू चांगला मिसरूड फुटलेला, हसरा गडी. मग गाठीचा रोग आला, पलेग. आम्ही गाव सोडून रानात खोपी घालून राहिलो तरी घरटी एक माणूस गेलंच. पुढच्या सुगीनंतर तात्या आला तो एकटा. मेंढरं आणि एक कुत्री. बस्स. बायको-पोरासाठी तो रडलाही नाही. गयानं भाकरी नेऊन दिली तर खाली बघून म्हणाला, "म्हाद्यानं आणलेली हाय ही कुत्री. कडा गावच्या बाजारातनं. सदऱ्यात घालून आणलती." तेवढंच. कुत्रीचं नाव चिमी. राखेच्या रंगाची, कानाचा शेंडा तुटलेली. तात्या तिला हाक मारायचा तेव्हा त्याचा आवाज बदलायचा.

मला कुत्री आवडत नाहीत. लहानपणी पिंडरीचा लचका गेलाय माझा. त्यात आम्हा कुंभारांत कुत्र्याचं वावडं. पेटल्या आव्याला कुत्रं टेकलं तर मडकी तडकतात असं आमच्या आजा-पणजापासून चालत आलेलं. त्यामुळं चिमी आणि मी एकमेकांना लांबूनच ओळखत होतो.

त्या वर्षी थंडी अशी पडली की सकाळी चिखलात हात घालवत नव्हता. त्यात चिमी व्याली. पाच पिल्लं. तात्यानं मला हाताला धरून पालात नेलं. पिल्लं कसली, मुठीएवढे गोळे, डोळे मिटलेले, एकमेकांवर चढून लुचत होते. चिमी त्यांना सारखी चाटत होती. तोंडाकडून नाही, मागून. उलटंपालटं करून पोटाखाली चाटायची, पार शेपटीपर्यंत. तात्या खदखदून हसला. "लई चाटती बे! मेंढी एकदा चाटती अन् मोकळी व्हती. ही तर सोलून काढील लेकरं." त्यानं अंगठा लावून पाचही पोटं बघितली. "ताठ. पाची जगली." म्हादू गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता, आणि ते हसणं पुढं मला फार दिवस टोचत राहिलं.

पाचव्या दिवशी, दिवस बुडताना लांडगे आले. तीन होते म्हणतात. मी लाकडं घेऊन येत होतो, तेवढ्यात मेंढरांचा कालवा ऐकला. चिमी पिल्लांना दूध पाजत होती. ती उठली तेव्हा एक पिल्लू तिच्या आचळाला लोंबकळतच पालाबाहेर आलं आणि पडलं. तिनं मागं वळून बघितलं नाही. सरळ गेली. तात्या काठी घेऊन पोचेपर्यंत लांडगे पळाले होते. मेंढरू एकही गेलं नाही. चिमी गेली.

तात्यानं तिला पुरली. मग पटक्यात पाचही पिल्लं घेऊन माझ्या दारात आला. "गणू, आव्याच्या कडंला जागा दे. ऊब पायजे ह्यान्ला." माझा आवा त्याच दिवशी पेटला होता. महिन्याची मडकी आत होती. मी म्हणलो, "तात्या, पेटल्या आव्याला कुत्रं टेकलेलं न्हाई चालत. आमच्यात न्हाईच चालत." तात्या वाद घालणारा माणूस. पण त्या दिवशी तो नुसता वळला. पटका छातीशी धरून परत गेला.

सकाळी एक पिल्लू गारठून मेलेलं होतं. तात्यानं ते आणून मला दाखवलंसुद्धा नाही. गयानं बघितलं आणि घरी येऊन माझ्यावर अशी तुटून पडली की काय सांगू. "फुटू द्या तुमची मडकी! फुटली तर दुसऱ्या कुंभाराकडनं इकत आणीन म्या!" पदर खोचून ती आव्यापाशी गेली, कडेची कोमट राख उकरून खळगा केला, वर गोणपाट अंथरलं आणि तात्याला हाक मारली. चूक माझी होती, एक जीव माझ्या हट्टानं गेला होता. आणि मडकी? एकही तडकलं नाही.

चार राहिली. तात्या मेंढीचं दूध कोमट करून कापसाच्या बोळ्यानं पाजू लागला. मी जरा शरमेनं, जरा गयाच्या धाकानं, एक इवलंसं बोंडलं केलं, तान्ह्या पोरांना पाजतात तसलं, पण चोच सुतळीएवढी बारीक. कालवडीच्या शिंगाएवढं भांडं, पण मी त्याला रांजणाएवढा वेळ दिला. तात्यानं ते हातात घेऊन फिरवून बघितलं. "ब्येस," म्हणाला.

बोंडल्यावर त्याचा भरवसा नव्हता. आईच पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. ठेवणीतलं कोकराचं कातडं काढलं, तुकडे केले आणि पिल्लांना बांधले. मेंढीला धरून तिच्याजवळ एक पिल्लू नेलं. मेंढीनं वास घेतला आणि अशी लाथ झाडली की पिल्लू वाचवता वाचवता तात्याचा पुढचा दात गेला. तोंडातून रक्त गळतंय आणि हा त्या मेंढीला समजावतोय, "आगं, लेकरू हाय गं, लेकरूच हाय!" मेंढी कुठली ऐकते. कुत्र्याचा वास कुत्र्याचाच.

मग बोंडलंच. तात्या दर घडीला पाजायचा. पाजलं की अंगठा. "बघ, कसं ढोलकं झालंय." मीही बघितलं, खरंच, पोटं तट्ट फुगलेली. मी म्हणलो, जगली म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातलं एक किरकिर करायला लागलं. तोंड फिरवायचं, अंग ताणायचं. तात्याला वाटलं भुकेलं असेल. आणखी पाजलं. दिवस कलायच्या आत मेलं. पोट ताठ. त्याच्यामागं तासाभरात दुसरं. त्याचंही पोट ताठ.

तात्या वेड्यासारखा दोन्ही पोटांवर अंगठा ठेवून बसला होता. "भरल्यालं हाय, गणू. पोट भरल्यालं हाय. भरल्या पोटी कावून मरतील?" मला बघवेना. मी म्हणलो, "तात्या, सोडा आता. कड्याच्या बाजारात दुसरं कुत्रं मिळंल. म्या आणून देतो." त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी एक पाऊल मागं सरलो. "कुत्रं मिळंल रं. म्हाद्या मिळंल का? त्याच्या हाताची एवढीच वस्तू हाय माज्याकडं. ह्यातलं एक तरी जगलं पायजे. एकच." मग मला कळलं, हा माणूस कुत्र्याची पिल्लं वाचवत नव्हता.

मेलेली दोन्ही पुरायला म्हणून त्यानं उचलली. उचलताना अंगठा नेहमीसारखा पोटावर दाबला गेला आणि पिल्लाच्या खालून पाण्याची धार लागली. पिवळट, गरम. हातावरून, कोपरावरून गळाली. पोट बसलं. पार लिबलिबीत झालं. मग त्यानं दुसरं दाबलं. तीच गत.

"मुतलीच न्हाईत," तो म्हणाला. आवाज इतका हळू की मला वाटलं दुसऱ्याशी बोलतोय. "चिमी चाटत होती ते ह्याच्यासाठी. तिच्या चाटण्यानं मुतायची. आपल्या आपण येत न्हाई ह्यान्ला." मग त्यानं दोन्ही पिल्लं पटक्यात गुंडाळली. "म्या हासलो तिला. पिल्लं म्या मारली, गणू. उपाशी न्हाई मेली. भरून मेली."

कोकराला असलं काही लागत नाही. कोकरू जन्मल्या घडीला उभं राहतं, मुततं, आईमागं पळतं. जन्मभर कोकरं वाढवलेल्या माणसाला हे ठाऊक कुठून असणार? एखाद्या अडाणी माणसानं ताठ पोट बघून शंका तरी घेतली असती. तात्याला शंका आली नाही, कारण त्याचा अंगठा कधी चुकला नव्हता. हे मी त्याला सांगून बघितलं. पण तो ऐकण्याच्या पलीकडं गेला होता.

उरली दोन. तात्यानं पटक्याचं टोक कोमट पाण्यात बुडवलं आणि एकेकाला उताणं करून चिमी चाटायची तसं मागून पुढून पुसू लागला. हळू हळू, हळू हळू. पहिली धार आली तेव्हा गया "आली गं बाई!" म्हणून ओरडली. दुसऱ्यालाही आली. पण त्याचं आतून काहीतरी बिघडलं होतं. दोन दिवस तगलं आणि गेलं. त्या दिवशी तात्या जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

एक राहिली. मादी. आईच्याच रंगाची. पाजायचं, पुसायचं, राखेत ठेवायचं. पुन्हा पाजायचं, पुन्हा पुसायचं. मी रोज गोवऱ्या टाकून राख कोमट ठेवायचो, आवा असो नसो. गावातले टवाळ येऊन म्हणायचे, "तात्या, बाळंतीण कशी हाय?" एरवी त्यानं एकेकाला काठीनं हाणलं असतं. आता मान वर करायचा नाही. मेंढरं वाड्यात उपाशी ओरडायला लागली. शेवटी मीच ती चरायला नेली. कुंभार मेंढरं राखतोय हे बघून लोक पोट धरून हसले. पहिल्याच दिवशी चार मेंढरं मी हरवून आलो आणि त्यातली दोन लांडग्यांनी नेली. मी मान खाली घालून सांगितलं, तर तात्यानं विचारलं, "कोंच्या?" मला सांगता येईना. मला सगळी मेंढरं सारखीच दिसायची. त्यानं वाड्यात जाऊन एकेकीच्या पाठीवर हात फिरवला आणि परत येऊन म्हणाला, "बांडी गेली. तिची लेकबी गेली." आणि बोंडलं उचललं.

पिल्लीचे डोळे उघडले. निळसर, दुधाळ. पण आपलं आपण होईना. पुसलं तरच व्हायचं. तात्याचा अंगठ्यावरचा भरवसा गेला तो गेलाच. पाजल्यावर तो अंगठा पोटाकडं न्यायचा आणि मध्येच मागं घ्यायचा. आपल्याच हाताला भ्यायलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला. मला रडू यायचं त्या अंगठ्याकडं बघून.

आणि दिवस सरले. रानातलं चरणं संपलं, बाकीचे धनगर घाट चढून वर गेले, शेतकरी रोज येऊन म्हणू लागले, "तात्या, उठा आता, नांगर धरायचाय." मेंढरांच्या फासळ्या दिसू लागल्या. आणखी थांबला तर सगळी मेंढरं मरणार. निघाला तर घाटात पाजायचं कुठं, पुसायचं कुठं, ऊब कुठली? पुढं लांडगे आणि बरोबर कुत्रं नाही. गया म्हणाली, "तात्या, इथं ठिवा तिला, म्या बघते." तात्यानं पिल्लीला उचलून छातीशी धरलं. "तुज्याकडं जगंल, पोरी. पन मंग म्या कशावर चालू?"

निघायच्या दिवशी सकाळी मी कच्ची मडकी उन्हात मांडून बसलो होतो. रात्रभर थापलेली, हाताला अजून ओली लागणारी. तात्यानं पाल मोडलं, ओझं बांधायला वाकला आणि पिल्लीला क्षणभर खाली ठेवलं. ती डुलत डुलत निघाली. चालता कुठं येत होतं तिला, दर दोन पावलांना नाकावर पडायची. आली ती थेट माझ्या मडक्यांत. एका नव्या घागरीला टेकली, मागचे पाय जरा वाकवले आणि थरथरत उभी राहिली.

कच्च्या मडक्याला पाणी लागलं की माती ढासळते. मी ओरडायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात घागरीच्या बुडाशी ओलं दिसलं. बारीक धार. कोणी पुसलं नव्हतं, कोणी हात लावला नव्हता.

"तात्या!" मी ओरडलो. "तात्या, मुतली! आपली आपण मुतली!"

तात्यानं ओझं टाकलं. धावत आला, गुडघ्यावर बसला, ती ओली माती त्यानं बोटानं चाचपली. तोंड उघडं, पुढचा दात नसलेलं. आणि मग तो रडायला लागला. बायको गेली तेव्हा नाही, म्हादू गेला तेव्हा नाही, आणि आता माझ्या मडक्यांच्या मधोमध बसून लहान लेकरासारखा हमसून हमसून रडला. "म्हाद्या, जगली रं," म्हणत होता. "एक जगली. बघ की रं, एक जगली." गया दारात तोंडाला पदर लावून उभी. माझी घागर एका बाजूनं खचली. खचू दे म्हणलं.

मग तो उठला. मी जवळ गेलो आणि काय मनात आलं कोण जाणे, चिखलाचा अंगठा त्याच्या बेंबीखाली टेकवला. पोट पाठीला लागलं होतं. "तात्या, काय न्हाई पोटात."

त्यानं माझा हात तसाच दाबून धरला. "भरंल आता," म्हणाला.

गयानं भाकऱ्या बांधून दिल्या. पिल्ली घोंगड्याच्या खोळीत, बोंडलं कमरेला, मेंढरं पुढं. त्यानंतर तो पुन्हा आमच्या शिवारात आला नाही. त्या सकाळी आम्ही दोघं दारात उभे राहून घाटाकडं बघत होतो. पहिल्या वळणाला मेंढरं थांबली. तात्यानं वाकून पिल्लीला खाली ठेवलं आणि कमरेवर हात देऊन उभा राहिला. पुसायला पटक्याला त्यानं हात लावला नाही. नुसता वाट बघत उभा होता. बराच वेळ गेला. मग एकदम मागं वळून आमच्याकडं बघून त्यानं हात वर केला, अंगठा उंच धरून, तिला उचललं आणि चालू लागला.